पुण्याचा पैसा ब्लॅकबर्नला टिकला, बालेवाडीत का नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचे व्यावसायिक हक्क देण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने काढलेल्या निविदेला नोव्हेंबर 2025 मध्ये एकही बोली आली नाही, पंधरा वर्षांचा जुना करार 8 डिसेंबरला संपला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटी एफसीतला आपला 65 टक्के हिस्सा मूळ मालकांकडे सोपवून काढता पाय घेतला. तेव्हापासून जिथे विषय निघेल तिथे एकच वाक्य ऐकू येते, की फुटबॉल हा आपल्याकडे तोट्याचा धंदा आहे आणि तोट्यातले दुकान कोण किती दिवस उघडे ठेवणार. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षे ताळेबंद वाचलेला आणि 2009 पासून बालेवाडीला जाऊन पुण्याच्या क्लबांचे सामने पाहिलेला मी एक वाचक आहे. मला हे निदान अर्धवट वाटते. तोटा आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्याहून मोठा तोटा वर्षानुवर्षे सोसणारे छोटे क्लब इंग्लंडात आजही उभे आहेत, आणि त्यातला एक तर चक्क पुण्याच्या पैशावर उभा आहे.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा तो क्लब. लँकेशायरमधल्या जुन्या कापड गिरण्यांच्या गावाचा हा क्लब 1888 साली स्थापन झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक सदस्यांपैकी एक, आणि जॅक वॉकर या स्थानिक पोलाद व्यावसायिकाच्या पैशावर 1994-95 मध्ये प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीचा विजेता. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने तो 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला आणि त्यावरचे कर्जही अंगावर घेतले. त्या वेळी आमच्या बँकेतही चहाच्या टेबलावर याचे कौतुक झाले होते. कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातला पुणेकर प्रीमियर लीगचा मालक झाला, म्हणून. पुढची कथा मात्र कौतुकाची नाही. अनुभवी प्रशिक्षकाला महिनाभरातच निरोप देण्यात आला, 2012 मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला, आणि ती घसरण निश्चित झाली त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. 2017 मध्ये क्लब आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला, पुढच्याच वर्षी दुसरीत परतला आणि तेव्हापासून तिथेच आहे. मालकांनी आजवर ओतलेली रक्कम वीस कोटी पौंडांच्या घरात जाते, आणि प्रेक्षकांचे प्रेम तर अजूनही मिळालेले नाही.

ज्याला साध्या व्यवहाराची जाण आहे तो विचारेल, की मग हे दुकान अजून बंद का केले नाही? या प्रश्नाच्या उत्तरात छोट्या क्लबांच्या अर्थकारणाचे बरेचसे मर्म आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

अशा क्लबाला पैसा चार वाटांनी येतो: तिकिटे, प्रक्षेपणातला वाटा, प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री. जाण्याची मोठी वाट एकच, ती म्हणजे पगार. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत कित्येक वर्षे सगळ्या क्लबांचा मिळून पगाराचा खर्च एकूण उत्पन्नाच्या जवळपास शंभर टक्के, काही वर्षी त्याहूनही अधिक राहिलेला आहे. आमच्या बँकेत असा कर्जदार आला असता तर त्याची फाईल पहिल्याच टेबलावरून परत गेली असती. पण त्या श्रेणीतल्या क्लबाला वरची पायरी दिसत असते. प्रीमियर लीगमध्ये एक हंगाम जरी मिळाला तरी प्रक्षेपणाचे उत्पन्न अनेक पटींनी वाढते, आणि तिथून घसरलेल्या क्लबालाही पुढची दोन-तीन वर्षे उतरत्या क्रमाने भरपाई मिळत राहते. त्यामुळे प्रत्येक मालक आपल्या ऐपतीबाहेर खर्च करून त्या पायरीवर डाव लावतो. हा एक प्रकारचा जुगारच आहे. तरी त्यात हरणाऱ्याच्या हातात काहीतरी उरते. ब्लॅकबर्नचे इवूड पार्क हे मैदान आहे, ब्रॉकहॉल येथे सरावाची जागा आणि अकादमी आहे. त्याच अकादमीत वयाच्या सहाव्या वर्षी आलेला, गावातच जन्मलेला ॲडम व्हार्टन फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला सुमारे 1 कोटी 80 लाख पौंडांना विकला गेला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात बसला. भारतातून निधी पाठवण्यासाठी मालकांना त्याच काळात दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागत होती, तेवढ्याच रकमेची बँक हमी द्यावी लागत होती. अशा अडचणीच्या दिवसांत गावच्या एका पोराच्या विक्रीतून केवढा आधार मिळाला असेल, हे ताळेबंद वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

शिवाय मालकाला सहजासहजी निघताही येत नाही. क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला तर लीग त्याचे बारा गुण कापते. म्हणजे मालक हरला की संघही घसरतो आणि विक्रीची किंमत आणखी उतरते. आधी ओतलेली रक्कम वसूल करायची तर विकत घेणारा हवा, आणि विकत घेणारा हवा तर क्लब चालू हवा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे खाते बंद करण्यापेक्षा चालू ठेवणे मालकाला कमी महाग पडते. मालकाची नियत चांगली की वाईट हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो.

आता बालेवाडीकडे येतो. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये पुणे एफसी सुरू केला. आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात, 2009-10 मध्ये, तो तिसरा आला आणि 2012-13 मध्ये दुसरा. त्याची अकादमी देशातल्या चांगल्या अकादमींमध्ये गणली जात होती. 2014-15 च्या हंगामात तर आय-लीगमध्ये पुणे एफसीबरोबर कल्याणी समूहाचा भारत एफसी होता आणि सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. तीनही क्लबांचे घरचे मैदान एकच, बालेवाडीचे. पुढच्या हंगामात डीएसके शिवाजीयन्सही आला. एका शहरातून थोड्याच काळात चार व्यावसायिक क्लब! आणि मग 2015 च्या उन्हाळ्यानंतर पुणे एफसी नाही आणि भारत एफसीही नाही. 2017 नंतर शिवाजीयन्स नाही. 2019 मध्ये पुणे सिटीची सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने 2021-22 मध्ये विजेतेपद मिळवले, त्यानंतर तोही पगार थकवण्याइतका अडचणीत आला, पुन्हा विकला गेला आणि 2025 मध्ये दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्यातली एक जागा सहा वर्षांत दोनदा गाव बदलते आणि तिच्याबरोबर ना रंग जातो ना नाव, याला क्लब म्हणावे की बदलीचा सरकारी नोकर, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

या चारही क्लबांपैकी एकाचेही मैदान स्वतःचे नव्हते. बालेवाडीचे संकुल राज्य सरकारचे आहे. त्यात काही चूक नाही, पण तारण म्हणून दाखवावे असे क्लबाच्या नावावर काही नव्हते, इतकेच. मुंबईतही हेच चित्र होते. कूपरेज मैदानाच्या कामामुळे मुंबई एफसीला आपले घरचे सामने पुण्याला येऊन खेळावे लागले, आणि 2017 मध्ये खालच्या गटात ढकलला गेल्यावर तोही संपला. त्याआधी महिंद्रा युनायटेडने 2010 मध्ये आपला संघ मोडला, तेव्हा तो तर 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता होता, आणि कंपनीने यापुढे शालेय फुटबॉलवर लक्ष देणार असल्याचे सांगितले होते. कंपनीचे चुकले असे मला म्हणता येत नाही. क्लब हा कंपनीच्या जाहिरात खर्चातली एक ओळ होता, आणि अंदाजपत्रकातली ओळ खोडायला पेन पुरते. तिथे गुण कापणारी लीग नाही, परत मिळवण्यासारखी गुंतवणूक नाही आणि विचारणारा सभासद तर मुळीच नाही.

ओळ खोडली की काय होते, ते मी काऊंटरवर पाहिले आहे. एका क्लबाच्या युवा संघातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आमच्या शाखेत खातेदार होता. क्लबाचे नाव लिहीत नाही. मैदानावरून थेट यायचा, गुडघ्यावर वाळलेला चिखल असायचा आणि दर महिन्याच्या सात-आठ तारखेला पासबुक भरून घ्यायचा. महिन्याची जमा, मग आईला पाठवलेले पैसे, मग मेसचे. क्लब बंद झाल्याच्या उन्हाळ्यात तो तीन वेळा आला. तिसऱ्या वेळी यंत्राने पासबुकावर फक्त व्याजाची एक ओळ छापली. त्याने ती दोनदा वाचली आणि ‘साहेब, खाते बंद करायला काय लागते?’ असे विचारले. त्या मुलाला घडवण्यावर झालेला चार-पाच वर्षांचा खर्च कोणाच्याच ताळेबंदात मत्ता म्हणून नोंदलेला नव्हता. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे करार चालू असलेला खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला तर रकमेतला पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना मिळतो, आणि कोवळ्या वयातल्या प्रशिक्षणाची भरपाई वेगळी असते. मात्र हा वाटा घ्यायला क्लब जिवंत असावा लागतो. आपल्याकडे खेळाडू बहुधा करार संपल्यावर फुकटात जातो आणि घडवणारा क्लब त्याआधीच गेलेला असतो.

गोव्याची कथा थोडी वेगळी आहे. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ पाच वेळचा राष्ट्रीय विजेता धेंपोही. कारण तोट्याचे नव्हते. मैदानावर मिळवलेल्या जागेवरून त्यांना खाली ढकलून, शुल्क भरून आलेल्या फ्रँचायझींना वरची लीग बहाल करण्याचा बेत त्यांना मान्य नव्हता. माझ्या मते तो राग रास्त होता. ज्या रचनेत वर चढण्याची वाट बंद असते तिथे छोट्या क्लबाने ऐपतीबाहेर सोडा, ऐपतीइतकाही खर्च का करावा? त्यानंतर 2023 पासून आय-लीगमधून वर जाण्याची सोय झाली आणि पंजाब, मोहम्मेडन हे क्लब वर गेलेही. पण 2025 पर्यंत वरून खाली आलेले कोणी नव्हते. धेंपो मात्र मेला नाही. गोव्यातल्या स्थानिक लीगमध्ये आणि स्वतःच्या अकादमीत तो टिकून राहिला आणि 2024-25 मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. ज्याच्या पायाखाली काही होते तो आठ वर्षे खाली राहूनही परत उभा राहू शकला, हा फरक पुण्याच्या चार क्लबांच्या शेजारी ठेवून पाहावा.

यावर काही मित्र सांगतात, की मग उद्योगपती नकोतच, चाहत्यांच्या मालकीचे क्लब काढा. जर्मनीत पन्नास टक्के अधिक एक मत सभासदांकडे असते, तसे करा. सहकाराच्या राज्यात हे ऐकायला गोड लागते, आणि योगायोग असा, की जगभरच्या सहकाराचा नमुना ज्या रॉशडेल गावच्या विणकरांनी आणि कारागिरांनी 1844 मध्ये घालून दिला, ते गाव ब्लॅकबर्नपासून फार दूर नाही. इंग्लंडातल्या बऱ्याच चाहता संस्था आजही त्याच धर्तीच्या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत: एक सभासद, एक मत. डेव्हन परगण्यातला एक्सेटर सिटी 2003 पासून अशा संस्थेच्या मालकीचा आहे. तेव्हा तो कर्जात बुडालेला होता आणि पाचव्या श्रेणीत घसरला होता. जानेवारी 2005 मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या सामन्यात त्याने मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर गोलशून्य बरोबरीत रोखले, आणि तो सामना व घरचा फेरसामना यांच्या उत्पन्नाने कर्जाचा डोंगर उतरवला. नशिबाने साथ दिली, हे मान्य. पण पुढचे नशीब नव्हते. अकादमीतून आलेला ऑली वॉटकिन्स 2017 मध्ये ब्रेंटफर्डला विकताना पुढच्या विक्रीतला वाटा एक्सेटरने करारात लिहून घेतला, आणि 2020 मध्ये तो ॲस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा तो वाटा पदरात पडला. असे कलम लिहून घेणारी समिती असली, तर क्लबाला कुबेराची गरज थोडी कमी पडते.

तरीही सहकार म्हणजे सर्वांवर औषध, असे मी म्हणणार नाही. सहकारी संस्थांचे काय होते ते मी आतून पाहिलेले आहे. वार्षिक सभेत ताळेबंद कोणी वाचत नाही, निवडणुकीत पॅनेल पडते आणि थकबाकीची यादी कपाटात राहते. खुद्द रॉशडेलचा क्लब चाहत्यांच्या मालकीचा म्हणून ओळखला जात असताना पैशाअभावी बुडण्याच्या बेतात आला आणि 2024 मध्ये एका सधन स्थानिक कुटुंबाने बहुसंख्य समभाग घेतले तेव्हा तरला. शेजारच्याच बरी गावातला, 1885 मध्ये स्थापन झालेला क्लब डिसेंबर 2018 मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि 27 ऑगस्ट 2019 रोजी लीगमधून काढून टाकला गेला. म्हणजे तिथली व्यवस्थाही काही निर्दोष नव्हती. मात्र बरीच्या चाहत्यांनी 2022 मध्ये मैदान विकत घेतले, आणि आज तळाच्या श्रेणींतून त्याच नावाचा संघ त्याच मैदानावर खेळतो. आणि ब्रिटिश संसदेने तर जुलै 2025 मध्ये कायदाच करून वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक नेमला, आणि मालकाची आर्थिक पात्रता तपासण्याचे व मैदान परस्पर विकण्यास अटकाव करण्याचे अधिकार त्याला दिले. मालक खासगी असो वा सभासद, त्याला मोडता येणार नाही अशा काही गोष्टी बाजूला काढून ठेवायच्या, हे त्यामागचे सूत्र दिसते.

आपल्याकडे असे काही अगदीच नाही, असेही नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आहेत. पेठेतले व्यापारी वर्गणी देतात, तालमीची इमारत तालमीची असते आणि कोणी एक पुढारी रुसला म्हणून पाटाकडीलचा संघ मोडत नाही. हुल्लडबाजी होते, हिशेब चोख नसतात, आणि तिथून राष्ट्रीय लीगपर्यंत जायला वाट नाही. पण 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा आहे, आणि त्या गावात सामन्याला माणसे आणावी लागत नाहीत.

लीगचे नवे गणित महासंघ, न्यायालय आणि क्लब काय ठरवायचे ते ठरवतील. महाराष्ट्राच्या हातात मात्र एक गोष्ट नक्की आहे: मैदाने. बालेवाडीसारखे सरकारी मैदान एखाद्या क्लबाला द्यायचे तर ते सामन्यागणिक भाड्याने न देता दहा-पंधरा वर्षांच्या करारावर द्यावे, म्हणजे क्लबाच्या नावावर काहीतरी उभे राहील; आणि त्या बदल्यात क्लबाच्या कंपनीने एका पूर्ण हंगामाच्या पगाराइतकी बँक हमी आधी द्यावी, खेळाडूंचे व युवा संघाचे पगार त्यातून आधी जावेत, आणि क्लबाचे नाव, रंग व अकादमी नोंदणीकृत चाहता संस्थेच्या संमतीशिवाय दुसऱ्या शहरात नेता येऊ नयेत, अशी अट असावी. मालकाला यात जाच वाटेल. पाच कोटींचे यंत्र घेणाऱ्या छोट्या कारखानदाराकडून आम्ही याहून जास्त कागद घेत होतो, आणि त्याच्याकडे सतरा वर्षांची मुले वसतिगृहात राहत नव्हती.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींनाही एक विनंती आहे. पुण्यात किंवा मुंबईत पुन्हा एखाद्या नव्या क्लबाची घोषणा होईल, तेव्हा व्यासपीठावरचा अभिनेता आणि जर्सीचा रंग यांची छायाचित्रे अवश्य छापावीत. त्याखाली मैदानाचा करार किती वर्षांचा आहे आणि पगाराची हमी कोणत्या बँकेत ठेवली आहे, या दोन ओळीही विचारून छापाव्यात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सहकारी बँक अधिकारी, पुणे